घरकामाचे माणूस, मध्यस्थ आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात, दिल्ली येथे दिलेल्या भाषणाचा हा लेखी मसुदा. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून कोणी संतवाङ्मयावर बोलतो, कोणी महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाच्या भवितव्याची चिंता वाहतो. आपल्या कार्यवाहांनी मला विषय दिला तो घरकामाच्या माणसांचा. मला प्रथम हसू आले. तेव्हा ते म्हणाले, "साहेब, गेल्या वर्षभरात मंडळाच्या कार्यालयात सर्वांत अधिक विचारणा कशाची झाली असेल? वधूवरसूचनेची नव्हे आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीचीही नव्हे. 'आईला सांभाळायला विश्वासाची बाई कोठे मिळेल?' ही विचारणा सर्वांत अधिक." मग मात्र मी हसलो नाही. हा प्रश्न मी स्वतः एकदा विचारला होता आणि त्याचे उत्तर फार चुकीच्या ठिकाणी शोधले होते. त्या चुकीची हकीकत हीच माझी आजच्या बोलण्याची पात्रता. या विषयावर माझा दुसरा कोणताही अधिकार नाही.

माझे बालपण साताऱ्यात गेले. आमच्या घरी भांडीधुण्याला येणारी बाई कोणी 'ठेवली', हे मला सांगता येणार नाही. तिची सासू माझ्या आजीच्या वेळी येत असे, पुढे ती येऊ लागली. एखाद्या दिवशी ती आली नाही, तर तिच्या कोणत्या मुलाला ताप आहे हे दुपारपर्यंत साऱ्या आळीला ठाऊक होई. तेथे मध्यस्थ नव्हता, कारण सारी आळीच मध्यस्थ होती. तो काळ सर्वस्वी चांगला होता असे मी म्हणणार नाही. वाढलेला पगार, रजा, कपबशी वेगळी ठेवणे, यांविषयी त्या बायकांना काय वाटे हे त्यांना कोणी विचारले नव्हते. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप पुकारला, तेव्हा अनेक सुशिक्षित घरांना प्रथमच कळले की, या बायकांनाही काही म्हणायचे आहे. पण आळीच्या त्या व्यवस्थेत एक गोष्ट निश्चित होती. बाईला आमचे घर ठाऊक होते आणि आम्हांला तिचे.

दिल्लीत येऊन आपण त्या आळीला मुकलो. आपल्या घरी कामाला येते ती मुलगीही बहुधा आपल्यासारखीच गाव सोडून आलेली असते. झारखंडच्या गुमला, सिमडेगा, खुंटी या भागांतून, छत्तीसगडच्या जशपूरकडून, बंगाल किंवा आसामातून. अशा दोन परक्या माणसांची गाठ घालून देणारा जो तिसरा माणूस, तो मध्यस्थ. त्याला आपण 'एजन्सीवाला' म्हणतो. आळीने पूर्वी जे काम फुकट केले, ते हा पैसे घेऊन करतो. यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा आपण पैशाबरोबर आपली विचारपूस करण्याची जबाबदारीही त्याच्या स्वाधीन करून मोकळे होतो.

२००९ साली मी नेमके हेच केले. माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला, उजवे अंग गेले. तिला साताऱ्याहून दिल्लीला आणले. माझी पत्नी शाळेत शिक्षिका, मी मंत्रालयात; रजा किती दिवस पुरणार? एका सहकाऱ्याने दक्षिण दिल्लीतील एका एजन्सीचा पत्ता दिला. जिना चढून गेलो तो एक अरुंद खोली, भिंतीशी बाक आणि बाकावर पाचसहा मुली खाली मान घालून बसलेल्या. खुर्चीवरचा गृहस्थ म्हणाला, "यांतली कोणतीही घेऊन जा." मी त्यांपैकी एकीकडे बोट दाखवले. मंडईत भाजी निवडावी तसे ते बोट होते, हे आज सांगताना मला लाज वाटते. त्या दिवशी वाटली नव्हती.

करार अकरा महिन्यांचा. आठ हजार रुपये कमिशन, दरमहा अडीच हजार पगार आणि तो पगार एजन्सीच्या हाती द्यायचा. "पैसा मुलीच्या हातात देऊ नका, पळून जाईल. फोनही लावू देऊ नका, मन घरी ओढले जाते." हे त्याचे दोन उपदेश. मला ते उपदेश सोयीचे वाटले. कागदावर मुलीचे वय अठरा लिहिलेले होते. मी कागद पाहिला, मुलीकडे पाहिले नाही.

मुलगी गुणी होती. पहिल्या दिवशी आईने तिला विचारले, "तुझी भाषा कोणती ग?" ती म्हणाली, "नागपुरी." आईला केवढा आनंद झाला! आपल्या नागपूरची पोर मिळाली म्हणून ती तिच्याशी भराभर मराठीत बोलू लागली आणि मुलगी गोंधळून बघत राहिली. पुढे उलगडा झाला की, छोटा नागपूरच्या पठारावर बोलल्या जाणाऱ्या सादरी भाषेलाच तिकडे नागपुरी म्हणतात. त्या गैरसमजातून दोघींचे जमले ते कायमचे. आईची जीभ जड झाली होती, मुलीला मराठी येत नव्हते, आणि तरी दिवसभर त्यांचे बोलणे चालू असे. तीन महिन्यांत ती पिठले करायला शिकली आणि आई डाव्या हाताने घास घ्यायला शिकली.

दहा महिने झाले असतील. एका संध्याकाळी मी कचेरीतून आलो तो आईने मला जवळ बोलावले आणि अडखळत विचारले, "हिचा पगार हिच्या बापाला पोचतो का रे? विचारलंस कधी?"

मी म्हणालो, "एजन्सी बघते ते."

आई म्हणाली, "मी एजन्सीला नाही विचारलं. तुला विचारलं."

मित्रहो, माझी सारी नोकरी फायलींवर गेली आहे. पाचशे रुपयांचे देयक पावतीवाचून मी पुढे जाऊ देत नाही. 'पडताळणी करून सादर करावे' हे शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. आणि घरात, एका लेकराच्या कष्टाचे पैसे मी महिन्यामागून महिना एका अनोळखी माणसाच्या हाती पावतीशिवाय देत होतो. शासकीय पैशाला जी दक्षता, तिचा शतांशही या पैशाला नव्हता.

त्या रात्री मुलीशी प्रथमच बसून बोललो. घरी एकही पैसा पोचल्याचे तिला ठाऊक नव्हते. बापाने आतापर्यंत बैलजोडी घेतली असेल, असे ती धरून चालली होती. आठवी पास होऊन किती दिवस झाले, असे पत्नीने विचारले तेव्हा ती म्हणाली, "दोन वर्षे." म्हणजे वय सोळाच्या आसपास. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवू नये, असे आम्हां केंद्रीय नोकरांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नियम २२-अ सांगतो. तसेच १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर देशभर बंदी आली. त्या अक्षरांतून मी सुटत होतो. पण मी ते अक्षर पाळण्यासाठी वय विचारले नव्हते. मी वय विचारलेच नव्हते. सुटलो तो योगायोगाने.

अकरा महिन्यांचे साडेसत्तावीस हजार होत होते. एजन्सीवाल्याला गाठले, तेव्हा त्याने प्रथम प्रवासखर्च आणि खोलीभाड्याचा हिशेब ऐकवला, मग माझे ओळखपत्र पाहून नऊ हजार काढून दिले आणि उरलेले आठवड्यात देतो म्हणाला. आठवड्याने खोलीला कुलूप होते आणि फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली; तिच्यातून काही निष्पन्न झाले नाही. उरलेले साडेअठरा हजार आम्ही दिले. ते देताना माझी जीभ थोडी चाचरली, कारण एकदा दिलेला पगार पुन्हा द्यायचा होता. पत्नी म्हणाली, "अहो, तिला आपण एकदाही दिलेला नाही." या वाक्याला उत्तर नव्हते.

आम्ही दोघे तिला पोचवायला गेलो. रांचीपर्यंत रेल्वे, पुढे गुमल्याची बस. बसस्थानकावर तिचा बाप उभा होता. त्याच्या खिशात एक चुरगळलेला कागद होता, त्यावर एजन्सीचा फोन नंबर. वर्षभर तो त्या नंबरावर फोन करीत होता आणि कधी कोणी उचलत नव्हते, कधी 'मुलगी मजेत आहे' एवढेच सांगत होते. मी काय बोलावे याची गाडीत तयारी केली होती. तो रागावेल, हीही तयारी होती. तो रागावला नाही. त्याने पैसे मोजले नाहीत. फक्त विचारले, "तुमच्या घरी फोन होता ना?" होता. तीन होते. मित्रहो, आयुष्यात मला कोणी दिलेला मेमो यापेक्षा कडक नव्हता.

ही हकीकत सांगून मी आपल्याला एजन्सीपासून पळवून लावू इच्छित नाही. आपल्यासारख्या घरांना मध्यस्थ लागणारच. प्रश्न एवढाच की, संबंध कसा असावा. मुलगी गेल्यानंतर तीन आठवडे पत्नी बिनपगारी रजेवर होती. त्या काळात परिचारिकेचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या भगिनीने आम्हांला दुसऱ्या एका मध्यस्थ बाईंकडे पाठवले. या बाईंनी स्वतः पंधरा वर्षे दिल्लीतील घरांतून आया म्हणून काम केलेले होते. आम्ही आमच्या अपेक्षा सांगू लागलो, तर त्यांनी हात वर करून थांबवले आणि स्वतःच विचारू लागल्या. घरात माणसे किती? रुग्णाला रात्री किती वेळा उठवावे लागते? उचलायला दुसरे कोण आहे? बाई झोपणार कोठे? त्या खोलीला आतून कडी आहे का? आठवड्याची सुटी कोणत्या वारी? याआधीची बाई का गेली?

मला मनातून राग आला. नोकर कोण ठेवीत आहे, मी की या? पण शेवटच्या प्रश्नाला आम्ही खरे उत्तर दिले. सारी हकीकत सांगितली. त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मी घर पाहायला येईन." त्या आल्या, कडी पाहिली. कडी नव्हती. ती बसवल्यावर दोन दिवसांनी बाई आली. त्या दिवसापासून आजतागायत आमचा त्यांच्याशी संबंध आहे. आई २०१४ साली गेली, तरी तो संबंध गेला नाही.

या वर्षांत जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. यातले पुष्कळसे आमच्याच चुकांतून शिकलेले आहे.

पहिली गोष्ट, मध्यस्थाला आपल्या घराविषयी खरे सांगावे. विवाह जुळवताना मुलाचे दोष झाकणारा बाप आणि काम कमी सांगणारी गृहिणी यांत फरक नाही. एका वर्षी 'फक्त रुग्णसेवा' असे सांगून आम्ही बाई आणली आणि गणपतीच्या पाच दिवसांत तिच्याकडून रोज पंचवीस माणसांचा स्वयंपाक करवून घेतला. गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती न सांगता निघून गेली. आम्ही तक्रार करायला गेलो, तर मध्यस्थ बाईंनी वही उघडून आमच्याच तोंडचे शब्द आम्हांला वाचून दाखवले. त्या वर्षापासून सणाच्या दिवसांचे जादा काम आणि जादा पैसे आधी ठरू लागले.

दुसरी गोष्ट, पैसा. मध्यस्थाचे शुल्क मध्यस्थाला, पगार कामकरणीला. या दोन प्रवाहांची गाठ पडू देऊ नये. पगार तिच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात जावा आणि खात्याचे पुस्तक तिच्याजवळ असावे. शुल्क किती, कशाचे, बाई मध्येच गेली तर बदली कोण आणि किती दिवसांत देणार, हे कागदावर असावे आणि त्या कागदाची एक प्रत बाईलाही समजेल अशा भाषेत मिळावी. पगार आपल्याकडेच द्या असा आग्रह जो मध्यस्थ धरतो, त्याच्या जिन्यावरून तसेच खाली उतरावे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती आपल्या लोभाला हात घालते. एका मध्यस्थाकडून बाई आणायची, ती चांगली निघाली की त्याला वगळून तिच्याशी परस्पर ठरवायचे, किंवा मैत्रिणीच्या घरची बाई पाचशे रुपये जास्त देऊन ओढायची, हे आपल्या वसाहतीत सर्रास चालते. आमच्या एका नातलगांनी आमच्यामार्फत आलेल्या बाईला असेच फोडले. मध्यस्थ बाईंनी आम्हांला दोष दिला नाही, पण पुढे दोन महिने 'सध्या कोणी नाही' असेच उत्तर मिळाले. नातलगांना घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, राहिलेले शुल्क दिले, क्षमा मागितली. आपण निष्ठेची अपेक्षा करतो. ती आधी आपल्याकडून सुरू व्हावी लागते.

चौथी गोष्ट, केवळ अडचणीत फोन करू नये. बाई चांगले काम करते आहे हेही कळवावे. तिला सोडायचे असेल तर महिनाभर आधी सांगावे आणि पुढच्या घरासाठी खरी शिफारस द्यावी. चोरीचा संशय आला, तर आधी घरात नीट शोधावे. आमच्याकडे हरवलेली अंगठी दोनदा 'चोरीला' गेली आणि दोन्ही वेळा ती कणकेच्या डब्यात सापडली.

आणि पाचवी गोष्ट, काही मागण्या करूच नयेत. 'लहान वयाची पाहिजे, गावाकडची पाहिजे, फोन नसलेली पाहिजे, इथे कोणी नातेवाईक नसलेली पाहिजे.' या चारही मागण्यांचा अर्थ एकच, तक्रार करू न शकणारी पाहिजे. अशी मागणी करणारी घरे आहेत म्हणून बाकावर मान खाली घालून बसलेल्या मुली आहेत.

कायदा काय म्हणतो, हे सरकारी माणसाकडून आपण ऐकू इच्छित असाल. आमच्या त्या प्रसंगानंतर, २४ डिसेंबर २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने अशा एजन्सींच्या नोंदणीविषयी निर्देश दिले. २०१४ साली दिल्ली सरकारने त्यांच्या नियमनाचा आदेश काढला. छत्तीसगडने २०१३ साली आणि झारखंडने २०१६ साली, म्हणजे जेथून मुली येतात त्या राज्यांनीच, स्वतंत्र कायदे केले. आपल्या महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा घरालाही कामाचे ठिकाण मानतो आणि घरकामगार स्त्रीस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण तो करार स्वीकारून बंधनकारक करून घेतलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, घरकामगारांसाठी कायद्याची चौकट असावी का याचा विचार करण्यास समिती नेमावी, असे केंद्राला सांगितले. म्हणजे तेव्हा कायदा विचाराधीन होता. कायदा होईपर्यंत एजन्सीची नोंदणी पाहणे, बाईचे वय आणि पत्ता कागदावरून व तोंडून पडताळणे, पोलिसांकडे नोंद करणे आणि पहिल्याच दिवशी तिच्या घरी तिच्या समोर फोन लावून आपला नंबर देणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. या यादीतील शेवटचे काम कोणत्याही कायद्यात सांगितलेले नाही. ते मला गुमल्याच्या बसस्थानकावर सांगितले गेले.

अशा संबंधाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागली, तेव्हा त्या मध्यस्थ बाईंच्या दोन खोल्यांत काम सुटलेल्या अनेक बायका अडकल्या. त्यांनी पैसे मागितले नाहीत. आम्हीच फोन केला तेव्हा कळले. आपल्या मंडळातील काही घरांनी त्या वेळी तांदूळ, डाळ, तेल पोचवले आणि काहींनी घरी न येणाऱ्या बाईंचा पगार चालू ठेवला. पुढच्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत, आपल्यापैकी कित्येकांचे वृद्ध आईवडील आजारी आणि एकटे असताना, पैसे मोजूनही माणूस मिळत नव्हते. तेव्हा त्या बाईंनी दोन सेविका पाठवल्या. त्यांनी जास्तीचे शुल्क मागितले नाही. मी हे उपकार आणि परतफेड म्हणून सांगत नाही. तेथे एक तुटपुंजी का होईना, पण आळी तयार झाली होती, एवढेच सांगतो.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. कार्यालयात एक नोंदवही ठेवावी. नोंदणीकृत, पगार थेट देणाऱ्या मध्यस्थांची नावे आणि आपल्या सभासदांचे त्यांच्याविषयीचे अनुभव तीत असावेत. आणि त्याच वहीत काही पाने आपल्या घरांत काम करणाऱ्या बायकांना द्यावीत. त्या आपल्याविषयी काय सांगतात, तेही लिहून घ्यावे. पन्नास वर्षांत या मंडळाने पुष्कळ मानपत्रे दिली. ही पाने वाचण्याचे धैर्य आपण दाखवले, तर सुवर्णमहोत्सवाचे ते एक चांगले काम होईल, असे मला नम्रपणे वाटते.

त्या मुलीचा पुढे आम्हांला फोन आला नाही. यावा असे कारणही नव्हते. आई मात्र शेवटपर्यंत पिठले पानात पडले की एकदा विचारीत असे, "तिच्या बापाने बैल घेतले असतील का रे?" मला उत्तर ठाऊक नव्हते. पण विचारायला हवे होते कोणाला, हे तोवर कळले होते.